न रुसणारी पेशी

ती. बाबांना,
धाकटीचा इथूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. प्रयोगशाळेत दिवसभर मेंदूच्या पेशी बघत बसते. दोन पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, मध्ये बारीकशी फट असते. एक पेशी त्या फटीत रसायन सोडते, दुसरी ते झेलते. हाच त्यांचा निरोप. निरोप यायचे थांबले, तर दुसरी आपल्या आत्यासारखी रुसून बसत नाही. उलट बारीकसा निरोपही निसटू नये म्हणून झेलायच्या जागा वाढवते.

आईचा गुडघा कसा आहे? तुम्ही मात्र "बरी आहेस ना?" एवढं विचारून लगेच फोन तिच्याकडे देता.

काल शेजारच्या खोलीचं दार वाजलं आणि मीच "आले, आले" म्हणत धावले.

तुमचीच,
धाकटी