सेल बदलण्याचं पान

३ फेब्रुवारी, सोमवार

काय गं वही, काल आपण कुठे थांबलो होतो? नाही ना आठवत! एवढी पानं पोटात घेऊन बसलीस आणि एक ओळ सांगता येत नाही. अगदी माझी नणंद शोभतेस — ह्यांच्यासारखीच विसरभोळी!

मी सांगते, सून लिहिते. मला अक्षर येत नाही, आकडे तेवढे ओळखते. सून म्हणते, "आई, हळू सांगा." हळू सांगितलं की माझं रागावणं थंड होतं, त्याचं काय?

तर ऐक. मोठ्या कॅल्क्युलेटरच्या स्क्रीनवर, कोपऱ्यात, सेलचं चित्र लुकलुकतंय. धूळ पुसताना दिसलं.

ह्यांचा कॅल्क्युलेटरांचा संसार माझ्या संसाराहून मोठा. कंपनीने एखादा बनवणं बंद केलं की ह्यांचं प्रेम सुरू! फळीवर ओळीने मांडलेत, प्रत्येकाशेजारी त्याची छापील पुस्तिका. पुस्तिका नाही त्याला फळीवर जागा नाही, तो खालच्या खणात. "अनाथ" म्हणतात त्यांना. मोठा मात्र नियम मोडून वर बसलाय, कारण नोकरीतल्या सगळ्या जमिनी ह्यांनी त्याच्यावर मोजल्या. त्याची पुस्तिका म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. आणि सेल बदलण्याचं पान नेमकं काळंकुट्ट, तव्याचा तळ बरा.

त्याच्या पोटात ह्यांनी स्वतः भरलेला हिशेब आहे. रोज सकाळी स्क्रीन स्वतःकडे धरून एका जुन्या शेताच्या कोपऱ्यांचे आकडे दाबत बसतात. मी चहा घेऊन समोर. थोड्या वेळाने म्हणतात, "जुळली हद्द." मग दिवसभर माणूस शांत! सेल चुकीच्या क्रमाने काढले तर तो हिशेब पुसला जातो. हे पूर्वी ह्यांनीच सांगितलंय. आता विचारलं तर म्हणाले, "पुस्तिकेत बघ."

हिशेब गेला तर हे टेप घेऊन निघतील मोजणी पुरी करायला. गेल्या महिन्यात मी दाताच्या डॉक्टरकडे होते तेव्हा असेच गेले, अंधार पडल्यावर सापडले. मुलगा बोलून बसलाय, "आई, पुन्हा हरवले तर देखरेखीच्या घरात ठेवायचं. ठरलं." तिकडे मला जागा नाही. विचारून झालंय.

४ फेब्रुवारी, मंगळवार

मोठ्याच्या चांगल्या पुस्तिकेसाठी सगळी जुन्या सामानाची दुकानं पालथी घातली. एकाने पंख्याची पुस्तिका काढून दिली. "आजी, सेलचं पान यातपण आहे." अरे, पंख्याला सेल कुठे असतो रे! वर म्हणतो, "तुम्हाला कुठे वाचायचंय?"

घरी आले तर हे फाटकाशी. हातात टेप. अंगात नुसती बनियन.

"कुठे निघालात?"

"इथेच."

हाताला धरून आत आणलं. सकाळी हद्द तर जुळली होती! म्हणजे सेल उतरताना हिशेबात गडबड होत असणार.

६ फेब्रुवारी, गुरुवार

चित्र लुकलुकायचं थांबलं, आता स्थिर आहे. हे बरं की वाईट? सून म्हणते, "माहीत नाही." दोन पदव्या आहेत हिला — हेही लिही. लिहिलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पुस्तिका मिळाली! पण ऐक कशी ते.

गावाच्या दुसऱ्या टोकाला कॅल्क्युलेटरांचा असाच एक वेडा राहतो. पुस्तिकेची पानं हातमोजे घालून उलटतो, म्हणून हे त्याला हातमोजेवाला म्हणायचे. ह्यांचं जेवण होऊन डोळा लागला, तशी बाहेरून कडी घातली आणि सुनेला घेऊन गेले. तिने अर्धी रजा टाकली.

त्याने पुस्तिका दिली हातात. मी बघत बसले.

"आजी, उलटी धरलीय."

"मग सरळ करून द्या की. हातमोजे कशाला घातलेत?"

पुस्तिका कशी पारखायची ते मला ह्यांनीच शिकवलंय. टाचणीला गंज नको, घडीवर रेघ तुटलेली नको, चित्रातला बाण टोकापर्यंत दिसायला हवा. बाण अगदी सुईसारखा होता! मला दुसरं काय लागतं? चित्रच वाचते मी.

पण ह्या लोकांची रीत अशी, की पुस्तिका विकायची नाही, उसनी द्यायची नाही. पुस्तिकेला पुस्तिका. आणि त्याला हवी होती ह्यांच्या पहिल्या कॅल्क्युलेटरची, निळ्या पुठ्ठ्याची. हे ठाऊक होतं, म्हणून ती मी पिशवीत घालूनच नेली होती. ह्यांना न विचारता. दिली. फळीवरचा पहिला आता अनाथ झाला, तो माझ्यामुळे.

परत आलो तर घर रिकामं. मागचं दार उघडं.

सून एकीकडे, मी दुसरीकडे. चपलेचा अंगठा तुटला, तशीच फरफटत गेले. फळवाल्याच्या हातगाडीशी उभे होते, जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक बाईकडे निरखून बघत. फळवाला म्हणाला, "मघापासून रस्ता मोजतायत. मला वाटलं सरकारी काम आहे."

मुलगा यायच्या आत घरात होतो. हे पान त्याला दाखवायचं नाही. सून मान हलवतेय, पण तिचे डोळे भरलेत. नवऱ्यापासून लपवायचं म्हणजे सोपं नाही, मला कळतं.

९ फेब्रुवारी, रविवार

मुलगा बाहेर गेला, हे आंघोळीला. सून वाचत होती, मी चित्रावर बोट ठेवून करत होते. मोठे सेल आणि एक चपटा, बटणाएवढा. दोन्ही एकदम काढायचे नाहीत. आधी मोठे बदलायचे, मग चपटा. श्वाससुद्धा बेताने घेतला. बाण दाखवेल तसंच केलं, तसूभर इकडे-तिकडे नाही!

झाकण लावलं. सुनेने पुस्तिकेत बघून साठवलेला हिशेब दाखवणारं बटण दाबलं.

शून्य.

पुन्हा दाबलं. शून्य. आकडे येतात मला. शून्यच होतं ते.

"आई, आपलं काही चुकलं नाही हो." ती दहादा म्हणाली. मग गेलं कुठे सगळं? उद्या सकाळी हे बसतील. मुलगा घरीच आहे उद्या. पुढे लिहू नको.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी कॅल्क्युलेटर दिला हातात. चहा घेऊन बसले समोर. ह्यांनी कोपरे दाबले. म्हणाले, "जुळली हद्द."

"कशी जुळेल? पुसलं गेलंय ते! काल मी सेल बदलले."

"अगं, ते कधीचंच पुसलंय. त्या काळ्या झेरॉक्सवरून सेल बदलताना मीच घालवलं."

"मग रोज काय जुळतं तुमचं?"

"तू येऊन समोर बसतेस."

"आणि टेप घेऊन कुठे जाता?"

"तू दिसत नाहीस तेव्हा तुला शोधायला. हातात टेप असली की कोणी हटकत नाही."

सूनबाई, हे पान नवऱ्याला वाचून दाखव. लपवलेलंसुद्धा दाखव. आणि सांग, आजपासून बाहेर जायचं तर आम्ही दोघं जाणार. एकटा माणूस गेला तर हरवला म्हणतात, दोघं गेली तर फिरायला गेली म्हणतात.

दुपारी कोपऱ्यावरच्या बागेत असू. डबा तिकडेच पाठव. भात, बटाट्याची कोरडी भाजी, उकडलेली अंडी, मीठ वेगळ्या पुडीत. पातळ काही नको, टेपचं दुसरं टोक मला धरायचंय.