नाव घेऊन प्रार्थना

रविवार, २ नोव्हेंबर
आजही निम्मे बाक रिकामे. पंचकमिटीत मी स्पष्ट बोललो : मोबाईल, क्रिकेट आणि यूट्यूबवरचे पास्टर. पाळकसाहेब म्हणाले, अमोलिक सर, न येणाऱ्यांनाच एकदा विचारून बघा ना. काम साहजिकच माझ्या गळ्यात.
संकल्प : नाताळपर्यंत सगळी हरवलेली मेंढरं परत. सुरुवात घरापासून. आमची सुकन्या नवऱ्याला सोडून बेलापूरहून आली, त्याला वर्ष होईल. पहिल्या रविवारनंतर तिने चर्चचं तोंड पाहिलेलं नाही. मी पंच, आणि माझीच मुलगी घरी. लोक विचारतात. शिवाय ती शेजारी नसली की मला गाणं म्हणवत नाही, हेही खरं.

सोमवार, ३ नोव्हेंबर
सुकन्याला विचारलं. म्हणाली, पप्पा, त्या रविवारी तुम्ही माईकवर काय बोललात, आठवतं का?
आठवतं की. मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठी मागायची प्रार्थना दर रविवारी मीच चालवतो. नवरा मारतो, किती मारतो, कशाने मारतो, सगळं प्रभूपुढे ठेवलं आणि तिला सोसायची शक्ती मागितली. प्रार्थना नेमकी हवी. मोघम प्रार्थना पाळकसाहेब करतात. नंतर गेटवर बायका तिला वळ दाखव म्हणाल्या, ते प्रेमापोटीच. पोरगी हळवी आहे.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
टेम्पोवाल्या सुनील साळवेकडे गेलो. चहा दिला, बिस्किटं नाहीत. त्याची दारू सुटावी म्हणून मी दोन वर्षं नाव घेऊन प्रार्थना केली. म्हणाला, सर, दारू कवाच सुटली, पन तुमच्या प्रार्थनेतनं माजं नाव काय सुटंना. पोरीला बघायला आलेलं पाव्हनं एका रविवारी चर्चमदीच बसलं हुतं, तवाबी.
कारण नोंदवलं : गर्व.

रविवार, ९ नोव्हेंबर
सुनीलच्या गर्वासाठी प्रार्थना केली. नाव घेऊन. त्याची बायको मध्येच उठून गेली. गॅसवर काही ठेवून आली असावी.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर
यश. आमच्या हिने सुकन्याची फार मनधरणी केली. (मी केली असती, पण बापाने किती वाकायचं.) सुकन्या रविवारी येणार. अट एकच, माईकवर तिचं नाव घ्यायचं नाही. ही म्हणाली, शपथ घ्या. शपथ वाहू नये असं शास्त्र सांगतं, म्हणून नुसतं हो म्हणालो.

रविवार, २३ नोव्हेंबर
आली. आईशेजारी बसली, पहिलं गीत पूर्ण म्हणाली. तिचा आवाज कानावर पडला आणि मला भरून आलं. इतकं सुख गेल्या वर्षात झालं नव्हतं.
मग मी माईकवर गेलो. शब्द पाळला. नाव अजिबात घेतलं नाही. एवढंच म्हणालो की, एका पंचाची एकुलती एक मुलगी, जिची बेलापूरच्या नवऱ्याशी कोर्टात केस चालू आहे, ती आज कळपात परतली, त्याबद्दल प्रभू तुझे आभार. डोळे मिटून बराच वेळ बोललो. रडलोसुद्धा. आमेन म्हणून डोळे उघडले तर बाकावर ही एकटी. मग तीही उठली.

सोमवार, २४ नोव्हेंबर
सुकन्या बॅग भरून नगरला मावशीकडे गेली. एसटी स्टँडवर सोडायला येऊ का विचारलं, नको म्हणाली. मी नाव घेतलं नव्हतं, हे तिला दोनदा सांगितलं. ही माझ्याशी बोलत नाही. उतरेल राग.

रविवार, ३० नोव्हेंबर
चर्चला गेलो नाही. इस्त्रीचा शर्ट घातला होता, पण गेटवरच्या बायका आठवल्या.
दुपारी पाळकसाहेबांचा फोन. मध्यस्थीची प्रार्थना त्यांनी चालवली. माझं नाव घेतलंत का, विचारलं. घेतलं म्हणाले. मुलगी घर सोडून गेली, पत्नी अबोला धरून आहे, प्रभूने अमोलिक सरांना नम्रता द्यावी. मंडळी फार दिवसांनी मोठ्याने आमेन म्हणाली म्हणे.
घरातलं चारचौघांत कशाला, असं मी म्हणालो. ते म्हणाले, सर, प्रार्थना मोघम नको, हे तुमचंच ना?
पुढच्या रविवारी नक्की या म्हणाले. गुडघा धरलाय, जमेलसं वाटत नाही, असं सांगितलं.
त्यांनी विचारलं, डावा की उजवा?