रेडिएटरची गोधडी

मामाजी,

तुमचा डावा गुडघा कसा आहे? थंडी पडली की तो सगळ्यांच्या आधी कुरकुरायचा, इंजिनाच्याही आधी. आत्याबाईंचा दमा आता बसला असेल, तिथं चूल फुंकायची नसेल तर बसलाच असेल. तुमचे लेक तुमच्याकडं आले त्याला पाच हिवाळे झाले. ते वेळेवर जेवतात का, की तिथंही ताट झाकून ठेवावं लागतं? आणि शेठजींच्या मातोश्री कधी भेटतात का? त्यांची तब्येत जपून विचारा. हे पत्र पुरतं वाचून होईस्तोवर माझं नाव मात्र त्यांच्यापाशी काढू नका. माझं म्हणाल तर दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं, सुईत दोरा एका फटक्यात जातो. जीव मात्र एका जागी बसत नाही. या थंडीत तर मुळीच नाही. उठते, बसते, पुन्हा उठून अंगणात जाते. चार ओळी लिहिल्या आणि दोनदा बाहेर जाऊन आले.

अंगणात गाडी आहे. तुमच्या पणतीनं, म्हणजे माझ्या नातीनं, घेतली. लाल, बुटकी, पळायला लय चपळ, आणि मागचं दार काचेसकट वर उघडणारी. पहिल्यांदा दारात येऊन उभी राहिली तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "माय व, हे तर आपली बिनशेपटीची!" पोरीला काही समजलं नाही. तिला गाडीचं फार वेड. दर रविवारी चाकांतली हवा पाहते, बॅटरीच्या टोकांवर धरलेली पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुते आणि वर बोटभर ग्रीस लावते. परवा वायपरचे रबर बदलले, धुक्यासाठी पुढं दोन पिवळे दिवे बसवून घेतले. मी ओट्यावर बसून सगळं पाहते. तुम्ही हेच करायचे, फक्त तुमच्या हातात कपाशीच्या चिंध्या असायच्या आणि तोंडात सुपारी. मी तिला विचारलं, थंडीचं पुढून काही झाकत नाहीस का? ती हसली. "आजी, आता इंजिन आपलं आपण सांभाळते." तरी ती कामाला निघायच्या आधी मी रोज गाडीपुढं जाते आणि जाळीवरून हात फिरवते. "काय पाहून राह्यली व आजी?" "काही नाई, पालापाचोळा अडकला असन तर." पालापाचोळा नसतो, मामाजी. मला ठाऊक असतं की नसतो.

तुमची गाडी खरं तर शेठजींची. कोण्या साहेबानं बाहेरदेशातून आणलेली, त्याच्याकडून शेठजींनी नागपुरात जुनी घेतली. दोन दारं, मागं डिकी नाहीच, पाठीचं दारच वर उचलायचं आणि कापडाचे गठ्ठे आत सारायचे. अख्ख्या मंगरूळपिरात तशी दुसरी नव्हती, म्हणून लोकांनी तिला बिनशेपटीची म्हणायला सुरुवात केली. शेठजींच्या गल्लीत ती शिरत नव्हती, म्हणून आपल्या अंगणात टिनाखाली उभी असायची, आणि तुम्ही तिचे मिस्त्रीही आणि ड्रायव्हरही. मी त्या घरात सून म्हणून आले ती दुष्काळ सरल्याच्या पुढची थंडी, चौऱ्याहत्तर साल असेल. मी चौथी शिकलेली. पुड्यांचे कागद वाचून वाचून पुढचं शिकले.

आणि आपल्या घरची ती रीत. सुनेनं सासऱ्याशी तोंडातोंडी बोलायचं नाही. तुम्ही तीन हातांवर बसलेले असायचे आणि मी म्हणायची, "आत्याबाई, मामाजीले म्हणा चहा झाला." तुम्ही भिंतीकडं पाहून म्हणायचे, "सूनबाईले सांग, साखर कमी टाकत जा." मध्ये आत्याबाई, माझ्या सासूबाई, तारमास्तरासारख्या. त्यांना वाटलं तो निरोप पुढं जायचा, नाही वाटलं तो तिथंच विझायचा. बाहेरचं माणूस आलं असेल तर मी दाराआड, पदर नाकापर्यंत.

पहाटे गाडी चालू व्हायची नाही म्हणून तुम्ही प्लग काढून आणायचे, पॉलिशपेपरनं घासायचे आणि चुलीवरच्या तव्यावर गरम करायला मांडायचे. चार प्लग, चार भाकऱ्यांसारखे. आत्याबाईंचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. "भाकरीच्या तव्यावर पेट्रोलचा वास! उद्या इंजिन आणून ठेवान माया चुलीवर!" तुम्ही शांतपणे म्हणायचे, "इंजिन बसत असतं तर ठेवलंच असतं." मी तोंडात पदर कोंबून हसायची आणि चिमट्यानं प्लग उलटवायची. एकदा तुमच्या लक्षात आलं की मी ते चारी बाजूंनी सारखे शेकते. तुम्ही भिंतीला सांगितलं, "सूनबाईचा हात बरा हाय." ती भिंत अजून उभी आहे, मामाजी.

मग त्याच थंडीत गार वारा सुटला. सकाळी गाडी चालली तरी इंजिन तापायचं नाही, धक्के द्यायची, आचके द्यायची. तुम्ही आत्याबाईंना म्हणाले, "सूनबाईले इचार, एक गोधडी शिवून देते काय. गाडीसाठी." आत्याबाईंनी हात कपाळाला लावला. "आता गाडीचं बाळंतपण करता काय?" मी दोन दिवसांत शिवली. वरून ताडपत्री, आतून जुनं लुगडं, वर दोन नाड्या, गुंडाळून बांधायला खाली दोन. रेडिएटरच्या जाळीपुढं ती सोडायची म्हणजे वारा आत घुसत नाही. ऊन चढलं की गुंडाळून वर बांधायची, नाहीतर आतलं पाणी उकळतं. हे तुम्ही मला समजावलं, पण माझ्याकडं न पाहता, मांडीवरच्या गोधडीला समजावल्यासारखं. "हे वर गेलंच पाह्यजे. इसरलं की इंजिन गेलं." गाडीतला तापाचा काटा केव्हाच मेलेला होता, त्यामुळं सगळी भिस्त तुमच्या आठवणीवर. मला तेव्हाच सुचलं होतं की खालच्या नाडीला दोर बांधून तो आत तुमच्या हाताशी नेला तर बसल्या जागी गोधडी वर ओढता येईल. आत्याबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मिस्त्रीले शिकवतं काय व?" निरोप तिथंच विझला.

तुम्हाला त्या गाडीचा किती अभिमान! शेठजींना तुम्ही चारचौघांत सांगितलं होतं, "हे गाडी माया हातात हाय तवरोक रस्त्यात उभी राह्यणार नाई. राह्यली तर म्या पाना खाली ठेवीन." शेठजी हसून म्हणाले होते, "मिस्त्री, शपथ घ्यायला ही काय कचेरी आहे?"

तो दिवस लिहायला घेतला आणि पुन्हा उठून गेले. आता बसलेच आहे तर लिहिते. शेठजींच्या मातोश्रींचा जैनांचा उपास होता, आदल्या दिवसापासून पोटात काही नाही. शिरपूरला देवाचं दर्शन घ्यायचं, आणि सूर्य असेतो परत येऊन उपास सोडायचा. मावळल्यावर त्या पाण्यालाही शिवत नसत. आधी आसेगावात शेठजींचं तासभर काम, मग पुढं. ऊन अंगणात उतरलं होतं. तुम्ही गाडी चालू करून पाहिली, गोधडी गुंडाळून वर बांधली, दोन्ही गाठी ओढून पाहिल्या. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. मग गाडी बंद करून तुम्ही मातोश्रींना आणायला शेठजींच्या घरी गेले, कारण त्यांना चालताना हात लागायचा. आत्याबाई विहिरीवर. तुम्हाला यायला वेळ लागला. वारा फार बोचरा होता. मी बॉनेटवर हात ठेवला तर ते निवत चाललेलं. मला वाटलं, पुन्हा गार पडेल, पुन्हा आचके देईल, म्हातारं माणूस आत बसणार. मी गाठी सोडल्या आणि गोधडी खाली पाडली. तुमच्या पावलांचा आवाज आला की वर बांधीन, असं ठरवून.

आवाज आला तो सगळ्यांचा एकदमच आला. शेठजी, त्यांचे साडू, मातोश्री, तुम्ही. मी पदर ओढून दाराआड झाले. तुम्ही मातोश्रींना बसवलं, उकळून गार केलेल्या पाण्याचं त्यांचं पितळी भांडं पायाशी नीट ठेवलं आणि बाजूनंच आत बसले. पुढं कशाला पाहाल? बांधलेली आठवत होती. गाडी चालू झाली. मी दाराची कडी धरून उभी. एक शब्द पुरे होता. "मामाजी" एवढाच. दोन परके पुरुष अंगणात, आणि मी त्या घरातली दोन महिन्यांची सून. कडी वाजवली मी, खरंच वाजवली. इंजिनाच्या आवाजात ती कोणाला ऐकू जाणार?

गाडी परत आली ती बैलजोडीच्या मागं, दोर बांधून. सूर्य केव्हाच गेला होता. आसेगावाच्या अलीकडं बॉनेटमधून वाफ निघाली, पाणी सगळं उडालं, इंजिन जाम झालं. मातोश्री उतरल्या, तुमच्यापुढं थांबल्या आणि म्हणाल्या, "मिस्त्री, मनाला लावून घेऊ नका. उपास एक दिवस वाढला, एवढंच." त्यांचे ओठ सुकून पांढरे झाले होते. त्या रागावल्या असत्या तर तुम्हाला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही चावी शेठजींच्या पायरीवर ठेवून आले. शेठजी मागोमाग घरी आले, खूप समजावलं. "अहो, पाणी उकळलं. आभाळ कोसळलं काय?" दाराआडून मी ऐकत होते. तुम्ही म्हणाले, "पाण्याचं नाई शेठजी. म्या गोधडी वर बांधल्याची याद हाय मले. गाठी ओढल्याची याद हाय. अन् रस्त्यावर माया डोळ्यांनं ते खाली पाह्यली. मायं डोस्कं गेलं. असा माणूस तुमच्या मायले घेऊन कायले जाईन?"

त्यानंतर तुम्ही बदलले. कंदील विझवला की नाही ते उठून पाहायचे. गाईची गाठ तीनदा बांधायचे. जेवून हात धुतल्यावर आत्याबाईंना विचारायचे, "म्या जेवलो न?" त्या म्हणायच्या, "तीन भाकरी खाल्ल्या, आता ताट खाता काय?" आणि मग त्यांचाच आवाज उतरायचा. बाजारात लोक चिडवायचे, "काय गा मिस्त्री, टोपी डोक्शावर हाय न?" तुम्ही खरंच हात लावून पाहायचे. तुमचं डोकं शाबूत होतं, मामाजी. गावात त्याच्याइतकं शाबूत दुसरं नव्हतं. हे माहीत असलेलं एकच माणूस त्याच घरात भाकरी थापत होतं.

थंडी संपता संपता एका सकाळी आत्याबाई बाहेर होत्या. तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले. हातात तो दहा नंबरचा पाना, तुमच्या बोटांनी मधोमध झिजलेला. तुम्ही भिंतीकडं पाहिलं नाही, चुलीकडं नाही, माझ्याकडं पाहिलं. "सूनबाई," म्हणाले, "हे तू ठेव. घरातलं याद ठेवाचं काम आता तुयं. मायावर मायाच भरोसा नाई राह्यला." जन्मात पहिल्यांदा तुम्ही माझ्याशी थेट बोलले. अंगणात परकं कोणी नव्हतं. चुलीवर तवा होता, त्यावर भाकरी करपत होती. मी दोन्ही हातांनी पाना घेतला आणि म्हणाले, "हाव."

त्या दिवसापासून तुम्ही माझ्याशी बोलत गेले. शेवटची आठ वर्षं. औषधं कोणती, बी कुठं ठेवलं, पोहरादेवीच्या जत्रेला कधी निघायचं, सगळं मलाच विचारून. माझ्या तिन्ही लेकरांची नावंही तुम्ही मला विचारून ठेवली. आत्याबाई म्हणायच्या, "आता मले कोणी इचारतच नाई." शेठजींची गाडी दुसऱ्याच मिस्त्रीकडं गेली. तिला नव्या पाइपा बसल्या, नवा काटा बसला, आणि म्हणे गोधडीला एक दोरही बसला, आतून ओढायचा. तुम्ही ते ऐकून म्हणाले, "हुशार हाय बाप्पा कोणी तरी." तेव्हाही मी भाजी निवडत होते.

सगळ्यांना मी मनात एकच सांगत आले, की रीत आडवी आली. त्या सकाळपुरतं ते खरं आहे. त्या संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी, पुढच्या आठ वर्षांत रीत कुठं आडवी आली? बारीकशी गोष्ट आहे, तरी कोणापाशी बोलले नाही. तुम्ही पाना दिला तेव्हा मला आधी आनंद झाला. लाज मागून आली. मला वाटलं, खरं सांगितलं तर हे पुन्हा भिंतीशी बोलू लागतील.

पाना नातीच्या गाडीत आहे, मागचं दार उचललं की स्टेपनीच्या बाजूला फडक्यात गुंडाळलेला. तिच्या गाडीचा एकही नट त्याला बसत नाही. हा कागद घडी करून त्याच फडक्यात ठेवते, पोस्टाची पेटी काही तुमच्यापर्यंत जात नाही. आता मातोश्रींना माझं नाव सांगितलं तरी चालेल. वाचून झालं की दोन ओळी लवकर धाडा. रागाच्या असल्या तरी चालतील. फक्त थेट मलाच लिहा, मामाजी. आत्याबाईंच्या हाती निरोप देऊ नका.