बारावी मूठ

॥ श्री ॥

उल्हासनगर,
दि. १२ जुलै २०२४

ती. स्व. विठावहिनीस,
जनाचा शि. सा. नमस्कार.

दादाच्या दहाव्यानंतर आपण दोघी एकमेकींशी बोललो नाही, त्याला सव्वा वर्ष होऊन गेलं. फोन हातात घेते आणि ठेवून देते. तोंडानं बोलवत नाही ते कार्डावर लिहावं, असं दादाच म्हणायचा. एकतीस वर्षं टपाल वाटलेल्या माणसाची बहीण मी, म्हणून आज लिहायला बसले.

आमची प्राची रविवारी तुझ्याकडे येऊन गेली. जनावरांच्या दवाखान्यात कामाला लागल्यापासून ती दिसेल त्या कुत्र्याला उचलून बघते, पण तुमचा तांबू काही तिला उचलवेना. शेवटी बुधाजीच्या गिरणीतल्या काट्यावर बसवला, तर साडेतेहतीस किलो. गावठी कुत्रा गं तो, त्याला तेवीस-चोवीस पुरे. प्राचीच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, मागचे पाय आताच लटपटतायत, धापही लागते. असंच चाललं तर वर्षभरात त्याचं उठणं बंद होईल.

वहिनी, तांबू मूळचा आमच्या गल्लीतला. फर्निचरच्या दुकानामागे भुश्यात पडलेलं एवढंसं पिल्लू दादानं खाकी पिशवीत घातलं आणि बदलापूरला नेलं. जाताना पिशवीतून नुसतं नाक बाहेर होतं. माझ्या भावाचं जिवंत असं आता तेवढंच उरलंय.

प्राचीनं खाण्याचा तक्ता करून दिलाय, तो सोबत आहे. भाकरी, बिस्किटं, गोड सगळं बंद. राग मानू नकोस, पण तुझा हात पहिल्यापासून सढळ. दिवाळीपर्यंत फरक पडला नाही तर तांबूला मी इकडे घेऊन येईन म्हणते.

पोरं बरी आहेत. माझे गुडघे त्यांच्या मर्जीनं चालतात. लोभ आटला असेल तर थोडा तरी भरावा, इतकंच मागणं.

तुझी नणंद,
जना


॥ श्री ॥

मांजर्ली, बदलापूर (प.),
दि. २० जुलै २०२४

सौ. जनावन्संस,
विठाचा स. न. वि. वि.

पत्र मिळालं. हल्ली टपाल घेऊन एक मुलगी येते, स्कूटरवरून. तिनं पाकीट फाटकातून आत सरकवलं आणि मी उचलायच्या आधी तांबू त्यावर नाक टेकून बसला. बराच वेळ हलला नाही. तुमच्या घरचा वास आला असेल, की नुसत्या पाकिटाचा, कोण जाणे.

तक्ता फ्रिजवर चिकटवलाय, विनीतच्या फोटोशेजारी. लेक पुण्याहून महिन्यातून एकदा येतो, तेव्हा आधी तक्ता वाचतो आणि मग माझी चौकशी करतो. उकडलेला दुधी, मूठभर भात, एक अंडं, असं दोन वेळा. स्टीलची वाटी वेगळी काढलीय आणि वाटीच्या वर शीगसुद्धा येऊ देत नाही. तांबू आधी वाटीकडे बघतो, मग माझ्याकडे. तुमचे दादाही दुधीकडे असेच बघायचे.

वन्सं, एक लिहू का? दहाव्याला तुम्ही चार माणसांत म्हणालात, की वहिनीनं मापून वाढलं असतं तर माझा भाऊ आज असता. त्यांची साखर निघाली त्या दिवसापासून तीन वर्षं मी मापूनच वाढत होते. भात वाटीनं, तेल चमच्यानं, गोड सणाला आणि तेही नखभर. तरी त्यांचं पोट तसूभर उतरलं नाही. सकाळी तांबूला घेऊन दोन-अडीच तास फिरून यायचे, तरी नाही. कोणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं, म्हणून सांगितलं नाही. कधी कधी मलाच वाटतं, माझ्या हातात काहीतरी खोट आहे.

परवा दुपारी पडल्या पडल्या डोळा लागला. सायकलची घंटा वाजली, फाटक वाजलं, आणि मी अर्धवट झोपेत म्हणाले, पान वाढलंय. डोळे उघडले तर तांबू उंबऱ्यात उभा होता, शेपूट हलवत.

त्याला नेऊ नका. या घरात माझ्याखेरीज श्वास घेणारं तेवढंच आहे. तक्त्यात चूक होणार नाही. तुमच्या मनात उरलंसुरलं जे असेल ते माझ्यासाठी राखून ठेवा.

आपली,
विठा


॥ श्री ॥

उल्हासनगर,
दि. १७ ऑगस्ट २०२४

ती. स्व. वहिनीस,
जनाचा शि. सा. नमस्कार.

फार लिहीत नाही. प्राची काल गिरणीत त्याचं वजन करून आली. चौतीस. महिन्याच्या तक्त्यानंतर अर्धा किलो वाढलाय. प्राची म्हणते, मामी खोटं बोलणारी नाही. मी म्हणते, मग दुधी खाऊन कुत्रं फुगतं का?

रस्त्यात तो दोनदा बसला म्हणे, उठवावा लागला. वहिनी, तुला त्याचं मन मोडवत नाही, मला समजतं. पण मायेनंच जीव जाणार असेल तर ती माया काय कामाची. दसरा झाला की मी येते आणि त्याला घेऊन जाते. त्याचं अंथरूण धुऊन ठेव.

कडू लागलं तरी आपलं समजून गोड करून घ्यावं.

तुझी,
जना


॥ श्री ॥

मांजर्ली,
दि. ३० ऑगस्ट २०२४

सौ. जनावन्संस,
विठाचा स. न. वि. वि.

चोर सापडला. एक नाही, अकरा आहेत.

तुमचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी रोजच्यासारखं फाटक उघडलं. तांबू नदीवर जातो, हिंडतो आणि साडेआठला परत येतो, असं मी धरून चालले होते. त्या दिवशी चपला अडकवल्या आणि मागोमाग निघाले. पाऊस उघडला होता, नदीवरून धुकं वर आलं होतं. तांबूची तांबडी पाठ मधेच दिसायची, मधेच पुसली जायची. रस्ता ओळखीचा, घरं ओळखीची, तरी मला वाटत होतं की मी अजून उठलेच नाही, अंथरुणातच चालतेय.

नदीकडे तो वळलाच नाही. कौसाबाईंच्या फाटकाशी जाऊन बसला. भुंकणं नाही, पाय आपटणं नाही. कौसाबाईंचा मुलगा आखातात होता तेव्हा त्याची पत्रं तुमचे दादाच त्यांना वाचून दाखवायचे. आता त्या पंच्याऐंशीच्या आहेत, नजर गेलीय. भिंत चाचपत आल्या आणि तूप लावलेली अर्धी भाकरी बरोबर तांबूच्या तोंडाशी धरली. तिथून तो बुधाजीच्या गिरणीवर, तिथे गुळाचा खडा. हाच बुधाजी काट्यावरचा आकडा वाचून चुकचुकतो! पुढे बेलवलीच्या नव्या इमारतीत मुकेश वॉचमन, त्याच्याकडे चार बिस्किटं. मला बघून तो म्हणाला, अंकल के टाइम से चालू आहे, आंटी. अशी अकरा दारं. टपाल ज्या क्रमानं वाटलं जायचं त्याच क्रमानं. निवृत्त झाल्यावर ते फिरायला जातात असं मी समजत होते, आणि ते रिकाम्या हातानं आपली जुनी फेरी करत होते.

दुसऱ्या दिवशी कौसाबाईंना गाठलं आणि हे कधीपासून चालतं ते विचारलं. त्या जे म्हणाल्या ते जसंच्या तसं लिहिते. पोस्टमनला मी कवा रिकामी धाडला नाय गो. नको नको म्हनायचा नि खाऊन जायचा. वर घरी जाऊन परत जेवायचा. बायको ताट वाढून बसलेली आसते, तिला एकटीला कशी जेवू देऊ, म्हनायचा.

वन्सं, मी त्यांच्या पायरीवरच बसले. अकरा घरचं खाऊन आलेला माणूस माझ्या मापाच्या वाटीसमोर उपाशी असल्यासारखा बसायचा. मला रडू आलं आणि त्यातच हसूही आलं. लबाड कुठला. माझ्या हातात काही खोट नव्हती.

पण आता काय करू? दारोदार जाऊन बंद करा म्हणाले, तर त्यांच्या नावानं रोज सकाळी कोणी काही राखून ठेवतं, ते संपेल. ते गेले त्या दिवशी गेले नाहीत इतके त्या दिवशी जातील. तसं सांगितलं नाही, तर तांबू जाईल.

आणखी एक. अकरावं दार झालं की तांबू लगेच परत फिरत नाही. स्टेशनच्या रस्त्याला जिथे फाटा फुटतो तिथे पिंपळाखाली जाऊन बसतो. तिथे घर नाही, दुकान नाही. पंधरा मिनिटं रस्त्याकडे बघतो आणि उठून चालू लागतो. का ते मला कळलं नाही.

अंथरूण धुतलेलं नाही. तुमच्या सल्ल्याची आणि मायेची वाट बघते.

आपली,
विठा


॥ श्री ॥

उल्हासनगर,
दि. १४ सप्टेंबर २०२४

ती. स्व. विठावहिनीस,
जनाचा शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र गणपतीच्या आधीच आलं होतं. गौरी जेवल्या, बोळवल्या, तोवर माझ्यानं लेखणी उचलवेना.

तो पिंपळ मला माहीत आहे. बारावं दार माझं आहे, वहिनी.

दर शनिवारी दादा फेरी आटोपून तिथूनच स्टेशनला जायचा आणि माझ्याकडे यायचा. तांबू पिंपळापर्यंत सोडायला यायचा, मग एकटाच घरी वळायचा. तुला वाटायचं, पेन्शनच्या मित्रांकडे जातो. मी शेजारच्या सिंधीणबाईंकडून दाल-पकवान आणवून ठेवायचे, वर शेवेची मिठाई. दादा म्हणायचा, विठा वाटीनं मापून वाढते, तिच्या जिवावर येतं पण वाढते, तिचं मन कशाला मोडू. आणि मी हसायचे. म्हणायचे, बायको उपाशी ठेवते, बहिणीकडे तरी पोटभर खा. वहिनीला सांगू नकोस.

तू मापून वाढत होतीस हे मला ठाऊक होतं. दहाव्याला मी बोलले ते खोटं होतं, आणि बोलताना मला ते कळत होतं. शेवटचा शनिवार डोळ्यांपुढे होता. त्यानं दुसऱ्यांदा मिठाई मागितली आणि मी वाढली. ते कोणीतरी ओळखेल या भीतीनं मी सगळ्यांच्या आधी बोट तुझ्याकडे केलं. सव्वा वर्ष मी फोन का करत नव्हते ते आता तुला समजलं असेल.

तांबूला आणायचं मी मनातून काढून टाकलंय. कुठल्या तोंडानं मागू? प्राचीला तुझी अडचण सांगितली. ती म्हणते, किती जणांनी भरवलं याला महत्त्व नाही, दिवसाचं एकूण पोटात किती गेलं त्याला आहे. तुला यातून काही सुचलं तर बघ.

लोभ ठेव असं लिहायचा धीर होत नाही. पाया पडते.

तुझी,
जना


॥ श्री ॥

मांजर्ली,
दि. २६ ऑक्टोबर २०२४

सौ. जनावन्संस,
विठाचा स. न. वि. वि.

उत्तराला उशीर केला. खोटं कशाला लिहू, राग आला होता. तुमचं पत्र चार दिवस पिठाच्या डब्याखाली ठेवलं होतं. अकरा जणांवर मी रागावले नाही, मग तुमच्यावरच का, असं मनाला विचारलं. त्या अकरांनी मला बोल लावला नव्हता, तुम्ही लावलात. तो सव्वा वर्ष मी खरा धरला, त्याचं दुखतं. अजून थोडं दुखतं. पण दुसऱ्यांदा मिठाई वाढणारा तुमचा हात रोज डोळ्यांपुढे येतो, आणि तो मला माझ्या हातासारखाच दिसतो. त्यांना नाही म्हणणं आपल्यापैकी कोणाला जमलं?

प्राचीचं बोलणं मात्र लगेच उचललं. तांबूचं दिवसभराचं खाणं मी सकाळीच शिजवते, उकडलेला दुधी, गाजर, भात, अंडं. त्याच्या मुठी करते आणि केळीच्या पानात बांधून त्यांच्या खाकी पिशवीत ठेवते. पिशवी माझ्या खांद्याला, तांबू पुढे. प्रत्येक दारात मी एक मूठ काढून देते आणि ते माणूस आपल्या हातानं त्याला भरवतं. कौसाबाई आधी रुसल्या, तुपाशिवाय कसलं खाणं म्हणाल्या. मी त्यांना तांबूचे मागचे पाय हातानं चाचपायला लावले. आता त्याच बाकीच्यांवर लक्ष ठेवतात. बुधाजीनं गुळाचा डबा घरी नेला. परवा मुकेशनं गावाकडून आलेलं पत्र माझ्याकडून वाचून घेतलं. चार ओळीच होत्या, मी त्या दोनदा वाचून दाखवल्या.

पहाटे धुक्यातून जाताना अजून वाटतं की मी झोपेतच आहे. पुढे कोणीतरी चाललंय, वळणावर दिसेल. वळणावर तांबू थांबलेला असतो. एकतीस वर्षं ते या रस्त्यानं गेले आणि मी घरात घड्याळ बघत बसले. आता त्यांच्या पायाखालचा दगड न् दगड मला माहीत झालाय.

गेल्या रविवारी काटा साडेतीसवर आला. बुधाजीनं तीनदा वजन केलं. काल नदीकाठी टिटवी उडाली तिच्यामागे तांबू धावला. दहा पावलंच धावला, पण मी टाळ्या वाजवल्या. प्राची म्हणते, पावसाळ्याआधी चोवीसवर येईल.

आता मुख्य गोष्ट. मुठी मी बारा करते. अकरा वाटून होतात आणि आम्ही पिंपळाखाली जाऊन बसतो. बारावी मूठ पिशवीत असते हे तांबूला वासानं कळतं, तरी तो माझ्याकडे मागत नाही. रस्त्याकडेच बघत राहतो. पहिल्या दिवशी मी ती त्याच्यापुढे धरली, तर त्यानं तोंड फिरवलं. तेव्हापासून ती मूठ रोज तशीच घरी येते, आणि घरी आल्यावर मग वाटीतून खातो.

भाऊबीज तीन तारखेला, रविवारी आहे. गेल्या वर्षी तुमचं ताट कोरडं गेलं, मला माहीत आहे. सकाळी लवकर निघा. स्टेशनवरून घरी येऊ नका, सरळ पिंपळाकडे या. आम्ही दोघं तिथे बसलेली असू.

तुमची मूठ मी कोणाला दिलेली नाही.

आपली,
विठावहिनी