धोट्याचा मुका

मंगळवार, १० जून १९१३
नाही, व्हिटमचं भाषण वाचायला मी युनियनच्या खोलीत गेलो नव्हतो. घरी चहाला बसलो तर धाकट्या लेकीनं, नेलीनंच पेपर पुढ्यात सरकवला. खासदार झाल्यापासून हा माणूस बोलतोच आहे — कधी खाणी, कधी आफ्रिका. या वेळी आमचा धोटा, मागावर आडवा धागा नेतो तो! आमच्या विणकरणी धोट्याच्या भोकाला ओठ लावून आतला धागा ओढून घेतात. त्याला मुका म्हणतात. एकीनं घेतला की तोच धोटा दुसरीच्या तोंडात. पार्लमेंटात हाच शब्द वापरला त्यानं. सभागृह हसलं म्हणे. मग म्हणाला, लँकशायरात बाया क्षयानं मरतात, आणि त्यांनी वापरून टाकलेले धोटे खोकी भरून मुंबईच्या गिरण्यांत जातात, तिकडच्या बायांच्या तोंडात.

घास तोंडातच राहिला. आमच्या गिरणीतली ती खोकी मी भरली. मी जॉबर, मागांवरचा मुकादम; माझ्याच खात्यात भरली. घरी एकदाच बोलून गेलो होतो.

नेली बटाटे सोलत होती. खोकली.

बुधवार, ११
नेलीला विचारलं. सरळ हो म्हणाली. व्हिटमला पत्र टाकलं, खाली सही नाही. मी म्हटलं, मॅनेजरला कळलं तर या खोऱ्यातली एकही गिरणी तुला दारात उभं करणार नाही. मग खा ती रात्र रात्र वाचतेस ती पुस्तकं!
"एलनच्या शवपेटीला खांदा दिलात, बाबा. तेव्हा गिरणीचाच विचार करत होतात का?"
एलन माझी थोरली. चार साचे, म्हणजे चार माग, चालवायची. चोविसाव्या वर्षी क्षयानं गेली.
उठून परसात गेलो. तिथे काही काम नव्हतं.

गुरुवार, १२
साच्यांच्या खडखडाटात शब्द ऐकू येत नाही, बाया एकमेकींचे ओठ वाचून बोलतात. आज सगळ्यांचे ओठ चालू. नेलीच्या शेजारच्या साच्यांवरची हॅना मला बघून म्हणाली, "तुमचा मुका लंडनला पोचला की, जॉबर." खिदळल्या सगळ्या. हॅनाला नवरा नाही, दोन लेकरं आहेत, तरी जिभेला हाड नाही. खोक्यांवर पत्ते तिनंच चिकटवले होते, माझ्याबरोबर.

शुक्रवार, १३
मॅनेजरनं बोलावलं. बस म्हणाला नाही. खोक्यांना कुणाकुणाचे हात लागले? म्हटलं, माझे. आणखी? आठवत नाही म्हटलं.
"तुझी पोर बरी लिहिते म्हणतात. उद्यापर्यंत आठव."

शनिवार, १४
अर्धा दिवस. गेलो, बोललो, आलो.

सोमवार, १६
नेलीशेजारच्या साच्यांवर आज दुसरीच बाई. हो, हॅनाचं नाव मी दिलं. पत्ते तिनंच चिकटवले, त्यात खोटं काय? नेलीनं दिवसभर माझ्याकडे बघून ओठसुद्धा हलवले नाहीत. बास. याउपर मी एक अक्षर लिहिणार नाही.