शुक्रवारचा चमचा

५ ऑक्टोबर, रविवार. अल खोर.

मुलाखत ठरली! लेकीच्या, गार्गीच्या शाळेतून लायब्ररी सांभाळणाऱ्या सुमैयाने स्वतः फोन करून सांगितलं. लायब्ररी असिस्टंट, येत्या चौदा तारखेला. नाशिकला वृत्तपत्राच्या डेस्कवर उमेदीची वर्षं काढली. नवऱ्याच्या, स्वानंदच्या नोकरीपायी इथे कतारला आल्यापासून नुसती घरात. ही नोकरी मला हवी आहे. फार हवी आहे.

स्वानंद म्हणाला, "आधी प्रीपोझिशन सुधार. तोंड उघडलंस की गाव कळतं."

७ ऑक्टोबर

रविवारी. सकाळी. रात्री. मराठीत एक 'ई' लावला की काम संपलं. इंग्रजीत रविवारला ऑन, सकाळला इन, रात्रीला ॲट! नियम विचारला तर स्वानंद म्हणतो, "नियम नसतो, कान लागतो." म्हणजे मला तो नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

जेवायला राजाभाऊ – स्वानंदचे सीनियर – आणि शशिकलावहिनी. स्वानंदने नवा खेळ काढला. मी चुकले की ग्लासवर चमचा वाजवायचा. "तुझ्याच भल्यासाठी! मुलाखतीची तयारी."

भरीत वाढताना मी 'गुड इन कुकिंग' म्हणाले. टिंग!

"ॲट!" गार्गी ओरडली.

राजाभाऊंना हसता हसता ठसका लागला. "वहिनी, भरीत फर्स्ट क्लास, इंग्रजी तेवढं करपलंय!"

"यल्ला, चल, परत म्हण," स्वानंद म्हणाला. म्हटलं. पुन्हा टिंग. या वेळी बरोबर होतं – नुसतंच वाजवलं.

मग त्याने गार्गीला जवळ ओढलं. "आठ वर्षांची पोर! ही चुकते का कधी?" गार्गी हसली नाही. घास तोंडात तसाच.

११ ऑक्टोबर

दिवसभर टिंग. मीठ मागितलं तरी.

१४ ऑक्टोबर

सुमैया भली बाई. तिच्या इंग्रजीत ऑन आणि इन कुठेही पडतात, कुणी काही म्हणत नाही. मी मात्र प्रत्येक वाक्य तिथवर नेऊन अडत होते. शेवटी प्रीपोझिशन लागणारच नाही अशी वाक्यं जुळवली – आय लव्ह बुक्स. आय रीड. चिल्ड्रन लाफ.

चहा आला. तिने साखर ढवळली, चमचा कपाला लागला. टिंग! त्यानंतर तिने काय विचारलं, आठवत नाही.

१६ ऑक्टोबर

नाही मिळाली. सुमैयाच म्हणाली – मुलांशी बोलणारी हवी होती, तुम्ही फार शांत आहात.

स्वानंद म्हणाला, "खलास!" आणि लगेच राजाभाऊंना फोन, मला ऐकू जाईल असा – "अहो, तोंडच उघडलं नाही म्हणे! म्हणजे चूक एकही नाही. शंभर टक्के!"

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

तेच पाहुणे. जेवण होईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

२१ ऑक्टोबर

गार्गीच्या वर्गशिक्षिकेचा फोन – हजरा मिसचा. गार्गी हल्ली वर्गात बोलतच नाही! उत्तर येत असतं, लिहून देते. उभं केलं की ओठ मिटून घेते. गुरुवारी आई-वडिलांना बोलावलंय.

गार्गीला जवळ घेऊन विचारलं. एरवी मला इंग्रजीतच उत्तर देते. आज म्हणाली, "आई, पप्पांना नको नेऊस."

स्वानंदला सांगितलेलं नाही. गुरुवारी मी एकटी जाणार. हजरा मिसशी सगळं इंग्रजीतच बोलावं लागेल.

बोलणार.