सात किलोंचं प्रस्थान

शनिवार, ८ नोव्हेंबर

सात किलो. नऊ दिवसांना सात किलो! ऋचाने बंगळुरूहून शिलाँगचं तिकीट पाठवलं — लेकीकडून बावन्नाव्या वाढदिवसाची भेट — आणि वर फोन करून सांगते, "आई, फक्त केबिन बॅग हां. सात किलो. उससे एक ग्राम ज्यादा नहीं." ही मुलगी बोर्डाच्या परीक्षेला तीन कंपासपेट्या घेऊन गेली होती.

एकटीने जायचंय. मी, एकटी! लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. ह्या काळात मी एकटी सर्वांत लांब गेले ती जागा म्हणजे गावातलंच न्यू मार्केट. तिथूनही दोनदा फोन करून परत बोलावलं होतं.

दिलीप म्हणाला, "छानच. पण आईकडे कोण बघणार?" माझा नवरा सरकारी नोकरीत आहे. तो कधीच नाही म्हणत नाही, अभिप्राय मागवतो. फाइल सासूबाईंकडे गेली. सासूबाई — वय एकोणऐंशी, दुखरे गुडघे दोन, मतं असंख्य — म्हणाल्या, "पंचांग बघते."

मग दिलीपने शेरा मारला : आई हो म्हणाली, तर माझी हरकत नाही.

म्हणजे माझं शिलाँग आता एका होकारावर आहे. तोही अशा बाईच्या, जिने आजवर मी केलेल्या आमटीलासुद्धा सरळ हो म्हटलेलं नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

होकार येईल तेव्हा येईल, बॅग तर भरून बघू. गेल्या वर्षी मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात मी ओझेवाल्या प्रवाशांवर लेख लिहिला होता. लोणच्याच्या बरणीला खिडकीची जागा देणाऱ्या एका काकूंवर. नेहरू नगरातल्या निम्म्या बायकांनी त्यात स्वतःला ओळखलं आणि हळदीकुंकवाला माझ्याशी बोलणं टाकलं.

आज बॅग हातात घेऊन वजनकाट्यावर उभी राहिले, मग बॅगेशिवाय उभी राहिले, वजाबाकी केली. तेरा किलो चारशे. आत स्वेटर चार, छत्र्या दोन, गरम पाण्याची पिशवी, चिवड्याचा डबा. चिवड्याच्या खाली आणखी एक चिवड्याचा डबा.

लेखातली काकू मीच होते. छापील पुरावा आहे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

कपड्यांची घडी घालायची नसते, गुंडाळी करायची असते. हे मला फोनवरच्या एका पोरसवद्या मुलाने शिकवलं. तो एका शर्टात मोजे, बनियन आणि जगाची सगळी काळजी गुंडाळतो. दिवसभर वळकट्या केल्या. अकरा किलोवर आले. हवेतच आहे!

आई पलंगावर बसून बघत होत्या. "सुती साडी अशी गुंडाळली तर चुरगळत नाही?"

"नाही."

"करून दाखव."

दोनदा दाखवलं. तिसऱ्यांदा त्यांनीच केली — माझ्यापेक्षा घट्ट. शेवया वळलेले हात. मग म्हणाल्या, "नऊ दिवसांना ब्लाउज किती लागतील गं?"

"आई, मी साड्या नेतच नाहीये."

"ते दिसतंय मला."

टोमणा होता. होकार नव्हता.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आठ किलो नऊशे. चिवडा गेला (पोटात). छत्री एक गेली. ही वही चारशे दहा ग्रॅम भरली, म्हणून मागची कोरी पानं दोरा उसवून काढून टाकली. ह्यापुढे मोजकं लिहायचं. इतक्या वर्षांत संपादकांना जमलं नाही ते वजनकाट्याने करून दाखवलं.

ऋचाची शाळेतली निळी बॅग हलकी होती, ती माळ्यावर शोधली. नाही. आईंना विचारलं.

"असेल कुठेतरी."

ज्या बाईला आपली स्टीलची चाळणी तीस वर्षांपूर्वी कोणाकडे गेली ते तारखेसकट पाठ आहे, तिच्या तोंडी 'असेल कुठेतरी'! वय झालं, दुसरं काय. जीव जरा हळहळला. ह्यांना सोडून नऊ दिवस जायचं? लगेच त्या फोनवर नागपूरच्या शाळामैत्रिणीशी, विजयाबाईंशी, खिदळताना ऐकू आल्या — "हो गं, जमवते की!" हळहळ आवरती घेतली.

संध्याकाळी शेजारची कांचन आली. मूळची इंदूरची, त्यामुळे वाक्य मराठीत सुरू करते आणि कुठे उतरेल ते तिलाही माहीत नसतं. भाचीच्या साखरपुड्याला तीही वीस तारखेलाच नागपूरला निघतेय. "वहिनी, एकच गाडी कर लेते हैं ना. तुम्हाला आधी एअरपोर्टला सोडू, मग मी स्टेशनला. क्या टेन्शन है?"

टेन्शन पलंगावर बसून पंचांग चाळत होतं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

निकाल लागला. वीस तारखेला अमावास्या. शिवाय गुरुवार.

"गुरुवारी दक्षिणेला निघत नाहीत," आई म्हणाल्या.

"आई, शिलाँग पूर्वेला आहे."

"असेल. आपण दक्षिणेचंही सांभाळलेलं बरं."

भूगोलावर वाद घातला नाही. गेलं शिलाँग, असंच वाटलं. तेवढ्यात म्हणाल्या, "प्रस्थान ठेवावं लागेल."

प्रस्थान! माझ्या आजीनंतर हा शब्द ऐकला नव्हता. मुहूर्त नसेल तर आधीच्या चांगल्या दिवशी सामान उंबऱ्याबाहेर काढायचं आणि शेजारी नेऊन ठेवायचं. प्रवास त्याच दिवशी सुरू झाला असं धरतात. थोडक्यात, मागची तारीख टाकून निघायचं. दिलीपला ही पद्धत ताबडतोब पटली.

"मग मी जाऊ ना, आई?"

"आधी प्रस्थान तर ठेव."

रविवार, १६ नोव्हेंबर

सहा किलो नऊशे!! घरभर एक गिरकी घेतली. स्टुलाला लागलं. काही वाटलं नाही.

दहा वाजता मिरवणूक निघाली. पुढे मी आणि बॅग. बॅगेला हळदीकुंकू. मागे आई, सुपारी आणि अक्षता घेऊन. त्यांच्या मागे दिलीप, आईंची भलीमोठी कापडी पिशवी खांद्यावर.

"आई, ह्यात काय भरलंयस? नारळ किती घेतलेस?"

"लागतील तेवढे. उचल."

प्रस्थानाला एवढं साहित्य लागतं हे मला ठाऊक नव्हतं. कांचनने सगळं आतल्या खोलीत नेऊन ठेवलं. आईंनी अक्षता टाकल्या आणि मला दरडावलं, "आता ही परत आत आणायची नाही. प्रवास करूनच घरात यायचं. लक्षात ठेव."

दुपारी चारला लक्षात आलं ते वेगळंच : फोनचा चार्जर, वाचायचा चष्मा आणि दात घासायचा ब्रश — सगळे प्रस्थान करून बसलेत.

सोमवार, १७ नोव्हेंबर

सकाळी तोंडात पाणी धरून शेजारी गेले. कांचनच्या बेसिनवर दात घासले, कांचनच्या सोफ्यावर बसून फोन चार्ज केला, कांचनकडे पेपर वाचला, कारण चष्मा तिथे. "वहिनी, चहा इथेच घ्या आता," ती म्हणाली. "दिलीपदादांना पण बोलवू का? म्हणजे पूर्ण शिफ्टिंग."

आतल्या खोलीत मला जाऊ देत नाही. पसारा आहे म्हणते. हवं ते स्वतः काढून आणून देते.

आईसुद्धा दोनदा गेल्या, त्या गुडघ्यांनी. "बॅग नीट आहे ना बघून आले." इतकी माया माझ्या बॅगेवर! माझ्यावर असती तर.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

एक मोजा घरीच राहिला. एकच.

बुधवार, १९ नोव्हेंबर

आईंची देखभाल, कलमवार, तेवीस कलमं. यादी फ्रिजवर लावली. गोळ्या कोणत्या, कधी. गरम पाण्याची पिशवी कुठे. संध्याकाळी एकटं सोडायचं नाही. पोळी मऊ. मालिकेच्या वेळी बोलायचं नाही.

दिलीपने दोनदा वाचली. चेहरा पडला. मग जेवताना, वरणाकडे बघत : "आई, तुझे गुडघे आज जास्त दुखतायत का? नाही म्हणजे, कमल पुढच्या महिन्यातही जाऊ शकेल. तारीख बदलून मिळते."

माझा घास हातातच. आईंनी होकार दिलेलाच नव्हता. आठ तारखेपासून एकदाही नाही. आता ही बाई "हो रे, दुखतायत" एवढं म्हणाली की संपलं. सात किलोंची सगळी कसरत शेजाऱ्यांच्या घरात पडून राहणार.

आईंनी भातावर लिंबू पिळलं. बी वेचून ताटाच्या कडेला ठेवली.

"प्रस्थान झालंय," त्या म्हणाल्या. "उंबऱ्याबाहेर गेलेलं सामान परत आत आणायचं नसतं. जे निघालेत ते निघाले."

"पण आई..."

"आमटी वाढ त्याला, कमल."

आमटी दोन पळ्या जास्तच वाढली. आनंदाने! मी आयुष्यात पहिल्यांदा सासूबाईंची पापी घेणार होते. घेतली नाही. पण मराठी मंडळाच्या पुढच्या अंकातून त्यांना वगळलं.

गुरुवार, २० नोव्हेंबर

विमानतळ. वजन बरोबर सहा किलो नऊशे. पानं थोडी उरलीत, म्हणून थोडक्यात :

सकाळी बॅग आणायला कांचनकडे गेलो. आतल्या खोलीचं दार पहिल्यांदाच उघडं. माझ्या बॅगेशेजारी ऋचाची निळी बॅग, तिच्यावरही हळदीकुंकू. आत नऊ दिवसांचे ब्लाउज, सुती साड्यांच्या घट्ट गुंडाळ्या. आणि दाराशी आई, पायात नवी चप्पल. कांचनबरोबर नागपूरला, विजयाबाईंकडे. तिकीट ऋचाने काढलेलं.

नागपूर आमच्या गावाहून दक्षिणेला आहे. आईंचा भूगोल उत्तम आहे.

"आई, मला विचारलं नाहीस?" दिलीप म्हणाला, आणि निळी बॅग उचलून घराकडे वळला.

"ठेव ती. परत आत आणायची नसते. आणि शेजारी तूच आणून ठेवलीस की रे, नारळ समजून."

आत्ता त्याचा फोन आला होता. फ्रिजसमोर उभा होता.

"कमल, ही तेवीसच्या तेवीस आईसाठी आहेत. माझ्यासाठी एकही नाही?"